कोरमबाबूंची खुर्ची

अन्याय कोरमबाबूंवर झाला. गेल्या दोन ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजून गेल्यावर, ग्रामपंचायतीच्या पटांगणात, झेंड्याच्या खांबापासून हातभर अंतरावर. चार धट्ट्याकट्ट्या पोरांनी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खुर्चीसकट उचललं आणि भर सभेतून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं. कोणी मारलं नाही. कोणी शिवी दिली नाही. उचलताना एक जण तर म्हणाला, "बाबूजी, चष्मा सांभाळा बरं." गाव हसलं.

गाव हसलं म्हणून मी हे लिहिते आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. गिरडच्या टेकडीवरचा दर्गा जिथून दिसतो त्या गावांपैकी एक, एवढं पुरे. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात. माणसाचंही नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "माह्यं नाव छापशीन तं लोक माह्यावर बोलतीन. सभेवर कोणीच बोलणार नाई." मात्र अन्याय कोणावर झाला, कुठं झाला आणि केव्हा झाला हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे, ही शिकवणही त्यांचीच. आमच्या संघटनेची पत्रकं छापायला जाण्याआधी ते हिरव्या शाईनं तपासायचे. मी 'शोषणाच्या या काळोखात' असं लिहिलं होतं, त्याखाली त्यांनी रेघ मारून विचारलं, "काळोख कोणत्या गटात आहे? गट नंबर टाक."

मी चिडले. म्हटलं, बाबूजी, पत्रकात जोश लागतो.

"जोश वाचणाऱ्याले येऊ दे ना. सगळा तूच काऊन घेऊन राह्यली?"

ते असे होते. आहेत. मी आता त्या गावात राहत नाही म्हणून 'होते' लिहिलं जातं.

समुद्रपूर तालुक्यातल्या ई-क्लास जमिनींचा, म्हणजे गावोगावच्या चराईच्या सरकारी जमिनींचा, प्रश्न घेऊन आमची संघटना काम करते. मला त्या गावी पाठवलं तेव्हा एकट्या पोरीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. प्रत्येकाला आधी माझं आडनाव हवं होतं, आणि आडनाव कळलं की रिकाम्या खोलीत नेमकी सोयाबीनची पोती भरलेली निघायची. शेवटी स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "कोरमबाबूकडं जाय. थो जरासा सटकेल हाये, पण मानूस खरा हाये."

मी गेले तेव्हा मे महिना होता आणि ते ओट्यावर काळा कोट घालून बसले होते. वर्ध्याचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. हिंगणघाटच्या कोर्टात त्यांनी उभी नोकरी रीडर म्हणून काढली होती. रीडर म्हणजे न्यायाधीशांच्या समोर खाली बसून एकेक काम, म्हणजे खटला, पुढं करणारा बाबू. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी रोज साडेदहाला इस्त्रीचा शर्ट आणि कोट चढवून ते ओट्यावरच्या लाकडी खुर्चीत बसत. दोन वाजता जेवायला उठत. साडेपाचला चष्मा खिशात ठेवून स्वतःशीच म्हणत, "कोर्ट उठलं." त्यानंतर ते माणसात येत. कोर्टाच्या वेळात पुस्तकी मराठी, कोर्ट उठलं की वऱ्हाडी. कोर्टाच्या वेळात वऱ्हाडी निघाली तर समजायचं की बाबूजी खुशीत आहेत किंवा फार दुखावलेत.

त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. विचारलं, "दोन्ही वेळा जेवायला घरी असशील?"

म्हटलं, डबा लावीन, तुम्हाला त्रास नको.

"डबा नाही. अट आहे ती. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत. घरात उरलो आम्ही दोघं. दोघांत कोरम होत नाही. तिसरं माणूस ताटावर बसेल तरच खोली."

आतून काकू ओरडल्या, "ये व पोरी, ये! याह्यच्या डोक्यात थो कोरम बसला तवापासून मी गरम भाजी खाल्ली नाई!"

ही थट्टा नव्हती. मला सभेहून यायला उशीर झाला की दोघं वाढलेल्या ताटांपुढं बसून राहत. काकू फोन करून मला झापत आणि मागून त्यांचा शांत आवाज येई, "कोरमअभावी जेवण तहकूब आहे, तिला सांग." एकदा काकूंनी शेजारची मांजर तिसऱ्या पाटावर आणून बसवली. बाबूजींनी मांजरीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हिचं नाव मतदार यादीत नाही."

आता या शब्दाबद्दल. कोरम हा शब्द इंग्रजी आहे, पण आमच्या भागात तो इंग्रजी राहिलेला नाही. काळी-पिवळी जीप भरली की ड्रायव्हर पत्र्यावर हात मारून ओरडतो, "कोरम झाला, चला!" पत्त्यांना चौथा मिळेना की पारावरचे म्हातारे म्हणतात, "आज कोरम नाई राजा." पोरगी बघायला पाहुणे आले आणि मामा अजून पोचला नाही, तर चहा थांबतो, कारण कोरम नाही. सरकारी कागदावर 'गणपूर्ती' असं लिहितात. तो शब्द मी अजून एकाही जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

बाबूजींकडे एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. हिंगणघाटचे एक वकील वारले तेव्हा त्यांच्या घरून आणलेला, पुठ्ठा फाटलेला. निवृत्तीच्या पहिल्या दिवशी त्यांनी ए पासून सुरुवात केली. क्यू पर्यंत आले. कोरमला पोचले. आणि थांबले. त्याच्यापुढचा एकही शब्द त्यांनी वाचला नाही आणि आपल्याला तो येतो असं कधी कबूलही केलं नाही. मी 'सिस्टीम' म्हटलं की ते हात वर करत, "एस अजून यायचा आहे. मराठीत बोल." मी 'स्ट्रगल' म्हटलं तरी तेच. 'व्हिक्टीम' म्हटलं तेव्हा म्हणाले, "तो तर फारच लांब आहे. माणसाचं नाव सांग."

का थांबलात, असं मी एका दुपारी विचारलं. त्यांनी शब्दकोश उघडलासुद्धा नाही.

"विलायतेत पूर्वी राजा न्यायाधीश नेमायचा. त्यांना सनद द्यायचा, लॅटिन भाषेत. त्यात बऱ्याच जणांची नावं असायची, आणि त्यांतल्या काही जाणत्या लोकांसाठी एक वाक्य असायचं. 'ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं, अशी आमची इच्छा आहे.' ते हजर नसतील तर बाकीच्यांनी कामाला बसायचं नाही. त्या वाक्यातला 'ज्यांच्यापैकी' म्हणजे कोरम." चष्मा काढून ते पुसत राहिले. "मी जन्मभर समजत होतो, कोरम म्हणजे आकडा. शंभर, पन्नास, जे असेल ते. तो आकडा आपण मागून चिकटवला, बेटा. मुळात ते बोलावणं आहे. आणि बोलावणं कसं, तर तू नाही आलास तर आम्ही बसणारच नाही."

हे बोलताना दुपारचे तीन वाजले होते, कोर्ट चालू होतं, तरी ते 'बेटा' म्हणाले होते.

त्यांना हे एवढं का लागलं, ते काकूंनी नंतर सांगितलं. नोकरीत असताना एका बाईचं काम होतं, पोटगीचं. ती लांबच्या खेड्यातून सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची आणि आत गर्दीत पुरुषांमधे उभं राहायला नको म्हणून आवारातल्या कडुनिंबाखाली बसायची. एक दिवस पुकारा करणाऱ्या शिपायाचा घसा बसला होता. त्यानं दारात उभं राहून तिचं नाव तीनदा घेतलं. ते व्हरांड्याच्या पायरीपर्यंतही पोचलं नाही. बाई गैरहजर, काम निकाली. बाबूजींनीच तो कागद पुढं केला. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर आले तर ती तिथंच बसलेली. तिनं विचारलं, "बाबूजी, माहा नंबर कवा येते?"

"तवापासून," काकू म्हणाल्या, "हे हळू हाक मारतच नाईत. मी चुलीजवर असन तरी वट्ट्यावरून पुकारतात. नाव, बापाचं नाव, गाव. चाळीस वर्सं झाले लग्नाले, अजून माह्या बापाचं नाव घेतात."

ग्रामसभेचं सांगते, म्हणजे दोन ऑक्टोबरला काय झालं ते कळेल.

सभेला शंभर माणसं लागतात, किंवा मतदारांतली शंभरात पंधरा, जो आकडा कमी असेल तो. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमच लागत नाही. समजलं? पहिल्यांदा माणसं नसतील तर सभा चालत नाही, दुसऱ्यांदा माणसं नसली तरी चालते. कोणत्या डोक्यातून हा नियम निघाला ते मला माहीत नाही. कोणाच्या कामी येतो ते मला पक्कं माहीत आहे. आमच्या तालुक्यात एकदा नाही, दहादा पाहिलंय. पहिली सभा मोडायची, चहा प्यायचा, अर्ध्या तासानं आठ-दहा डोकी बसवून हवा तो ठराव मंजूर.

मोडायला काही करावंही लागत नाही. गाव स्वतःच मोडतं. त्या गावची रीत अशी, की सभेला सगळे येतात आणि आत कोणी जात नाही. पटांगणाभोवती झेंडावंदनासाठी चुन्याची रेघ मारलेली असते. रेघेच्या आत सतरंजी, टेबल, माईक. बाहेर रस्ता. पुरुष रस्त्यावर मोटरसायकलींना टेकून उभे राहतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळतात, आतलं सगळं ऐकतात. आत बसलं की हात वर करायची वेळ येते. हात वर केला की कोणीतरी चुलता, साळा, व्याही दुखावतो. बाहेर उभं राहिलं की सगळ्यांशी गोड. मी एकाला विचारलं, दादा, आत का जात नाही? तो म्हणाला, "ताई, आमी आलोच ना. हे का, उभे हाओ."

बाबूजी प्रत्येक सभेत घरून आणलेल्या खुर्चीवर पहिल्या ओळीत बसत आणि सुरुवातीलाच उठून विचारत, "कोरम आहे का? मोजून सांगा." त्यावरून त्यांना कोरमबाबू नाव पडलं. लोक हसत. ते म्हणत, "हसा. मयतीले कोरम कधी कमी पडला का तुमच्या गावात? खांदा द्याले तं मारामारी. जित्या माणसाच्या कामालेच कमी पडते."

आता दोन ऑक्टोबर.

गावाबाहेर कोलाम आदिवासींची वस्ती आहे, तिला पोड म्हणतात. पोडाला लागून ई-क्लासची टेकडी. तिथं त्यांची जनावरं चरतात, मोहाची झाडं आहेत, आणि टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे गेलेले लोक पुरलेले आहेत. ती टेकडी गिट्टीच्या क्रशरसाठी द्यायची, गावाची हरकत नाही, असा ठराव सभेपुढं येणार होता. क्रशर कोणाचा, तर सरपंचांच्या मेहुण्याचा. सरपंच वाईट माणूस नाही असं सगळे सांगतात. मला त्यात रस नाही. टेकडी गेली की पोड जाईल, हे त्याला माहीत होतं आणि त्यानं विषय घेतला.

सभेची दवंडी झाली त्या दिवसापासून बाबूजींनी ओट्यावरचं कोर्ट बंद केलं. कोट घालून ते घरोघर फिरू लागले. दारात उभं राहून पुकारत: नाव, बापाचं नाव. माणूस बाहेर आला की हात जोडून म्हणत, "दोन ऑक्टोबरच्या सभेत, ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं, अशी आमची इच्छा आहे." लोक विचारत, "आमची म्हंजे कोणाची?" ते म्हणत, "राजाची. आता राजा तूच आहेस. म्हणून तुझीच."

पोडावर मी त्यांच्यासोबत गेले. भीमाबाई नावाची म्हातारी तिथं सगळ्यांच्या वतीनं बोलते. बाबूजींचं वाक्य तिनं ऐकलं, मागं वळून कोलामीत बायांना सांगितलं, बाया आपसात काहीतरी बोलल्या आणि हसल्या.

"काय म्हणतात?" बाबूजींनी विचारलं.

"म्हन्तात, हे काय सांगाव लागते? आमच्या इथं सारे आल्याबिगर पोडाचा नाईक तोंडच उघडत नाई. एक जन वावरात असन तं त्याले आनाले पोट्टं धाडतो. तुमच्या गावात थो आल्याबिगर सुरू करतात का?"

परत येताना वाटभर बाबूजी एकच बोलले, "शब्दकोश तिथं न्यायला पाहिजे होता."

त्या सकाळी पोड आलं. सगळ्यात आधी आलं. धुतलेली लुगडी नेसून बाया आल्या, माणसं आली, आणि जिथं नेहमी बसत तिथंच बसली: रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली. आत बसा असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, आणि सतरंजीवर पाय ठेवायचा की नाही हे त्यांना कोण सांगणार? बाबूजींनी 'सभेत या' म्हटलं होतं. ते आले होते. गावही आलं, नेहमीपेक्षा जास्त आलं, कारण तमाशा होणार हे सगळ्यांना कळलं होतं. रस्ता फुलून गेला. भोंग्यावर देशभक्तीची गाणी कान फाडत होती. मी त्या गावची मतदार नाही, मला आत जागा नव्हती. मी रस्त्यावर, मोटरसायकलींच्या मधे.

बाबूजी उठले. "कोरम आहे का?"

सरपंच हसला आणि माईकवर म्हणाला, "बाबूजी, दरवेळी आमच्यावर शंका. आज तुमीच मोजा. तुमी सांगान थो आकडा."

सापळा एवढा साधा होता. जन्मभर मोजणी प्रामाणिक व्हावी म्हणून भांडलेल्या माणसाच्या हातात मोजणी दिली.

त्यांनी मोजलं. सतरंजीवरचे सगळे मोजले, कोपऱ्यात उभे असलेलेही धरले. आठ कमी पडले. आठ! बाहेर दीडशेच्या वर उभे होते. मी ओरडले, "बाबूजी, बाहेरचे धरा! कडुनिंबाखालचे धरा!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. रेघेच्या आत ती सभा, बाहेर रस्ता. खोटं मोजलं तर मग सरपंचात आणि त्यांच्यात फरक काय, असा तो चेहरा होता. मला अजून त्या चेहऱ्याचा राग येतो. आणि त्याच चेहऱ्यामुळं मी हे लिहिते आहे.

ते रेघेपाशी आले आणि तोंडाशी हात धरून पुकारू लागले. "या हो! आत या! ज्यांच्यापैकी..." भोंगा चालू होता. दुसऱ्यांदा पुकारलं. गाणं आणखी वर चढलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. माझ्या शेजारचा पोरगा म्हणाला, "म्हातारा कायले हात करून राह्यला?" दुसरा म्हणाला, "पानी मांगत असन."

तीनदा पुकारून झालं. ते वळले, टेबलापाशी गेले आणि खरं ते सांगितलं. "कमी आहेत."

भोंगा त्याच क्षणी बंद झाला. "कोरमअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासानं तहकूब सभा सुरू होईल." टाळ्या.

शांततेत बाबूजींनी रस्त्यापलीकडे पाहिलं. कडुनिंब. खाली बसलेल्या बाया. त्यांची वाट पाहणारी तोंडं. त्यांना तिथं कोण दिसलं, हे मला काकूंनी सांगितलेल्या गोष्टीमुळं कळतं, तुम्हालाही कळेल. त्यांनी आपली खुर्ची ओढली, टेबल आणि झेंड्याचा खांब यांच्या मधे ठेवली आणि बसले. "ही सभा होणार नाही. पुकारा पोचलेला नाही. माणसं हजर आहेत, पुकारा पोचलेला नाही."

"बाबूजी, मोजलं तं तुमीच."

"चुकलं माहं. आता पुकारा करा पुन्हा. भोंगा बंद ठेवून करा."

साडेअकराही वाजले नव्हते, आणि ते वऱ्हाडीत बोलत होते.

मग ती चार पोरं. खुर्चीचे चार पाय. बाबूजी हलले नाहीत, ओरडले नाहीत, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून ताठ बसून राहिले, आणि त्यांची ती मिरवणूक रेघ ओलांडून, मोटरसायकलींमधून वाट काढत कडुनिंबाखाली आली. "आता तुमीबी बाहेर बसा, बाबूजी. सावली हाये." मी म्हटलंच, गाव हसलं. कडुनिंबाखालचं कोणी हसलं नाही. अर्ध्या तासानं ठराव मंजूर झाला. रस्त्यावरचे सगळे तो ऐकत उभे होते. मी एकाच्या शर्टाला धरून म्हटलं, जा ना आत, अजूनही जा, विरोध नोंदवा! त्यानं माझा हात हळूच सोडवला. "ताई, आता काय फायदा?"

त्यानंतर घरात कोरमचं नाव निघेना. मी उशिरा आले तर त्या दोघांनी जेवून घेतलेलं असे. एवढंच झालं असतं तरी मला पुरेसं कळलं असतं. पण एका दुपारी ते ओट्यावर कोट न घालता बसले होते आणि मांडीवर शब्दकोश उघडा होता. पान उलटलेलं होतं.

"बाबूजी, हे काय?"

"कोरमचा पुढचा शब्द. कोटा." त्यांनी वर पाहिलं नाही. "कोरम वाचून झाला."

काकू आत भाकर थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

दिवाळीनंतर संघटनेनं मला दुसऱ्या तालुक्यात पाठवायचं ठरवलं. माझी पिशवी भरून झाली होती, तेव्हा अंगणात माणसं आली. पोड आलं होतं. भीमाबाई पुढं. कोणी फाटकापाशी थांबलं नाही, सगळे सरळ अंगणात येऊन मातीत बसले. बाबूजी गडबडले. खुर्चीतून उठून म्हणाले, "तुमची टेकडी माझ्या मोजणीनं गेली."

"मोजनी बरोबर होती," भीमाबाई म्हणाली. "आमी भाईर होतो ना. आमाले वाटलं आलो म्हंजे आलो. आता समजलं, रेघ पार करा लागते." मग म्हणाली, "सव्वीस जानेवारीले पुन्ना सभा हाये. ठराव फिरवाचा अर्ज देल्ला आमी. काल आमची बैठक होती टेकडीवर. सारे आले. नाईक तोंड उघडे ना. म्हटलं आता कोन राह्यलं बापा? तं थो म्हने, कोर्टाचा बाबू राह्यला. त्याले हाकलून आपल्यात देल्लं ना गावानं, आपल्या झाडाखाली. मंग थो आपला झाला. थो आल्याबिगर कसं बसाव?"

बाबूजी उभे होते.

"चाला," भीमाबाई म्हणाली. "सारे थांबले हाये तिकडं."

त्यांनी शब्दकोश मिटला. आत गेले. बराच वेळ गेला. मला वाटलं आता येत नाहीत. मग ते बाहेर आले, काळा कोट घालून, आणि ओट्यावरून आत तोंड करून पुकारले, काकूंचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, माहेरचं गाव. "टेकडीवर बैठक आहे. ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं, अशी आमची इच्छा आहे."

"भाकर तव्यावर हाये!" काकू ओरडल्या. आणि तवा उतरवून निघाल्या.

मी त्या दिवशीची जीप सोडली.

हे पत्रक नाही, पण मी पत्रकं लिहिणारी आहे आणि मला गोड शेवट करता येत नाही. टेकडी अजून वाचलेली नाही. ठराव कागदावर आहे, क्रशर अजून यायचा आहे. सव्वीस जानेवारीला त्या गावात सभा आहे आणि त्याच सकाळी तुमच्याही गावात आहे. तुमच्याही पटांगणात चुन्याची रेघ असेल. तुम्ही कुठं उभे राहता ते मला ठाऊक आहे, मी तुमच्या शेजारी उभी होते. मोटरसायकल स्टँडवर लावा. तोंडातला खर्रा थुंका. कडुनिंबाखाली कोणी बसलं असेल तर त्यांच्यापाशी जा, मोठ्यानं नाव घेऊन बोलवा, आणि त्यांना सोबत घेऊन रेघ ओलांडा. सतरंजीवर बसा. भोंगा बंद करायला लावा. कोणी तुम्हाला मोजू लागलं तर मान खाली घालू नका.

तुम्ही आत येत नाही तोवर आम्ही सुरू करणार नाही. या.